रुडयार्ड किपलिंग : मुंबईतील बालपण आणि युद्धकाळातील लेखणी

'प्रचार' या अर्थाने आज जगभर रूढ झालेला 'प्रोपगंडा' हा शब्द मूळचा आपल्या ख्रिस्तसभेच्या दप्तरातील आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ साली श्रद्धाप्रसाराच्या कार्यासाठी रोममध्ये एक स्वतंत्र मंडळ स्थापिले. त्याच्या लॅटिन नावात हा शब्द होता व त्याचा अर्थ 'पसरविण्यायोग्य' एवढाच होता. याच मंडळाने १६३७ साली गोव्यातील दिवाड बेटावर जन्मलेल्या मातेउस द कास्त्रो यांना बिशपपद देऊन आदिलशाही मुलखाकडे धाडले. आपला सातारा-सांगलीचा बराचसा प्रदेश त्या काळी आदिलशाहीतच मोडत होता. पुढे या मंडळाचे नाव बदलले, त्याची रचनाही बदलली. परंतु शब्द मात्र निसटून राज्यकर्त्यांच्या हाती गेला. पहिल्या महायुद्धापासून त्याला जो काळा रंग चढला, तो अद्याप उतरलेला नाही.

तो रंग चढविणाऱ्यांमध्ये एक थोर लेखक होता. त्याचा जन्म मुंबईचा. त्याला बोट धरून चालावयास शिकविणारी बाई आपल्यापैकी, म्हणजे कॅथॉलिक होती. वयाच्या सतराव्या वर्षाच्या आत तो वृत्तपत्रात नोकरीस लागला आणि एकेचाळिसाव्या वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने आपली लेखणी युद्धकालीन सरकारच्या सेवेस वाहिली. त्याचे नाव रुडयार्ड किपलिंग. 'जंगल बुक'चे कर्ते म्हणून आपली मुले त्यांना ओळखतात. साम्राज्याचे भाट म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने त्यांना नाकारले, आणि ते योग्यच होते. परंतु भाट हा जन्मतः भाट नसतो. सत्य सांगण्यास समर्थ असलेला मनुष्य सोयीचे तेवढेच सांगावयास कोठे व कसा शिकतो, हे पाहण्यासाठी किपलिंग यांच्या पूर्वायुष्याकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

आया आणि रस्त्याकडेचा क्रूस

रुडयार्डचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत शिल्पकलेचे अध्यापक म्हणून आले. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे त्यांचीच. आई ॲलिस ही मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाची कन्या. ३० डिसेंबर १८६५ रोजी कलाशाळेच्या आवारात या दांपत्याला मुलगा झाला. आज तेथे किपलिंग यांच्या नावाने दाखविला जाणारा बंगला नंतरच्या काळातील आहे. जन्मस्थान मात्र तेच आवार.

किपलिंग यांचे आत्मकथन त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी आपली आया पोर्तुगीज रोमन कॅथॉलिक असल्याचे नमूद केले आहे. येथे 'पोर्तुगीज' म्हणजे युरोपातील नव्हे. त्या काळी मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती लोकांना, तसेच साष्टी-वसईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजालाही सर्रास पोर्तुगीज म्हणत. या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले ते १८८७ साली. ही बाई यांपैकी कोठलीही असो, तिचे नाव त्या पुस्तकात नाही. तिच्याबरोबर पहाटे फळबाजारात गेल्याची आठवण ही किपलिंग यांची पहिली आठवण होय. वाटेवरच्या एका क्रूसापाशी ती प्रार्थनेला थांबे व लहानगा रुडयार्ड तिच्या शेजारी उभा राही. मीता नावाचा हिंदू सेवक त्याला छोट्या देवळांमध्ये नेई, तेव्हा तो मीताचे बोट धरून मूर्ती पाहत राही. दुपारी झोपण्यापूर्वी दोघे त्याला देशी भाषेतील गोष्टी आणि गाणी ऐकवीत. संध्याकाळी कपडे करून त्याला आईवडिलांसमोर धाडताना ते बजावीत, की आता इंग्रजी बोल. मुलगा विचार करी देशी भाषेत आणि अडखळत त्याचे भाषांतर करून आईबापांशी बोले.

चरित्रकार नाशिकच्या मुक्कामातील एक प्रसंग सांगतात. चिमुकला रुडयार्ड एका शेतकऱ्याच्या हातात हात घालून शेतातून चालला होता. मागे वळून त्याने आईला देशी भाषेत सांगितले, की मी जातो, हा माझा भाऊ आहे. पुढे ज्या लेखकाने गोऱ्यांच्या वरिष्ठत्वाचे गोडवे गायिले, त्याच्या बोबड्या बोलांत एका मराठी कुणब्यासाठी 'भाऊ' हा शब्द होता. आमच्या मते हा प्रसंग केवळ गोड म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्या शेतकऱ्याशी असलेले नाते त्या मुलाला कोणी शिकविले नव्हते. ते विसरावयास मात्र त्याला पुढे शिकविण्यात आले.

साउथसीची साडेपाच वर्षे

हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबांची रीत अशी, की मुले पाच-सहा वर्षांची झाली म्हणजे त्यांना विलायतेत ठेवावयाचे. १८७१ साली किपलिंग दांपत्याने रुडयार्ड व त्याची धाकटी बहीण ट्रिक्स यांना साउथसी येथील हॉलोवे नावाच्या कुटुंबात पैसे देऊन ठेविले. जाहिरात पाहून निवडलेले ते घर होते. पुढे काय होणार, हे मुलांना सांगण्यात आले नाही. आईवडील एके दिवशी निघून गेले, एवढेच त्यांना कळले.

त्या घरात रुडयार्डने सुमारे साडेपाच वर्षे काढली. घरधनी कॅप्टन हॉलोवे त्यातल्या त्यात दयाळू होता. तो १८७४ साली वारला. नंतर ती बाई आणि तिचा मुलगा यांचेच राज्य झाले. किपलिंग लिहितात, की नरकाची ओळख आपल्याला त्या घरातच सर्व भयांसह करून देण्यात आली. मुंबईच्या आयेच्या क्रूसापाशी जो देव त्याला आपलासा वाटला होता, त्याच देवाच्या नावाने येथे त्याला मारण्यात येई. दिवसभरात काय काय केले याची रात्री उलटतपासणी होई, उत्तरांत जरा विसंगती आली की ती खोटेपणा ठरे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मार. एकदा तर 'खोटारडा' असा फलक अंगावर लावून त्याला रस्त्यातून शाळेत धाडण्यात आले. या साऱ्यातून त्याची दृष्टी अधू होत चालली होती, तेही कोणी पाहिले नाही. नाताळच्या दिवसांत तो मावशीकडे जाई; तेथेही त्याने तोंडातून अवाक्षर काढले नाही. आई परत आली तेव्हा, १८७७ साली, त्याची सुटका झाली.

या छळाविषयी प्रौढ किपलिंग यांनी केलेले निदान विचार करावयास लावणारे आहे. कोणते खोटे केव्हा बोलणे आवश्यक आहे याकडे बारकाईने लक्ष देण्याची सवय आपल्याला तेथे लागली, आणि आपल्या साहित्यिक प्रयत्नांचा पायाही बहुधा तोच असावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. असत्यास कठोर शिक्षा करणाऱ्या त्या घराने असत्य बोलण्यातच त्या मुलाला निष्णात केले. घरोघरी मुले वाढविणाऱ्या आमच्या वाचकांनी या वाक्याशी क्षणभर थांबावे. आठवी आज्ञा मुलांच्या अंगी बाणते ती मोठ्यांच्या विश्वासामुळे. छडीच्या धाकाने मूल खरे बोलू लागत नाही. समोरच्याला काय ऐकावयाचे आहे, ते ओळखावयास मात्र शिकते. आणि प्रचारकाचे मुख्य कसब हेच नव्हे काय?

ऑक्टोबर १८८२ : दोन प्रकारचे पत्रकार

पुढे डेव्हन परगण्यातील एका निवासी शाळेत किपलिंगचे शिक्षण झाले. तेथील मुख्याध्यापक कॉर्मेल प्राइस यांनी मुलाचा ओढा ओळखून शाळेचे नियतकालिक त्याच्याकडे संपादनासाठी सोपविले. विद्यापीठात पाठविण्यापुरता पैसा घरी नव्हता. वडील तोवर लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य व तेथील वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख झाले होते; त्यांनी मुलासाठी 'सिव्हिल ॲण्ड मिलिटरी गॅझेट' या लाहोरच्या दैनिकात साहाय्यक संपादकाची जागा मिळविली. १८ ऑक्टोबर १८८२ रोजी किपलिंग मुंबईच्या बंदरात उतरले. सतरा वर्षे पूर्ण व्हावयास अद्याप दोन महिने होते. जन्मगावाची हवा अंगाला लागताच आपल्या तोंडून देशी भाषेतील वाक्ये निघू लागली, पण त्यांचा अर्थ मात्र आपल्याला कळेना, असे त्यांनी लिहून ठेविले आहे.

त्याच दिवशी, त्याच मुंबईत, डोंगरीच्या तुरुंगात दोन मराठी संपादक शिक्षा भोगीत होते : बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. आगरकर तर आपल्या जिल्ह्याचे, कराडजवळच्या टेंभूचे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयी दिवाण बर्वे यांच्यावर त्यांनी जे छापले, त्यापायी अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना चार महिन्यांची कैद झाली होती. एकशे एक दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, ते सुटले. किपलिंग त्यापूर्वीच आगगाडीने लाहोरला गेले होते. या तिघांची भेट झाली नाही आणि होण्याचा संभवही नव्हता. तरी इतिहासाने त्या आठवड्यात मुंबईत पत्रकारितेच्या दोन वाटा शेजारी शेजारी मांडून ठेविल्या होत्या, हे खरे. ज्या कागदपत्रांवर त्या दोघांनी विसंबून लिहिले ती न्यायालयात टिकली नाहीत, आणि त्यांनी दिलगिरीही प्रकट केली होती, हेही सांगितले पाहिजे. परंतु छापलेल्या शब्दाची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने मोजली.

लाहोरला किपलिंग यांना दुसराच धडा मिळाला. संपादक स्टीफन व्हीलर आणि हा पोरसवदा साहाय्यक, एवढाच दैनिकाचा संपादकवर्ग. उन्हाळ्यात, तापातही, दहा ते पंधरा तास काम चाले. १८८३ साली इल्बर्ट विधेयक आले. हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांवरील खटले चालविण्याचा अधिकार देणाऱ्या या विधेयकाविरुद्ध हिंदुस्थानातील गोरा समाज पेटून उठला. किपलिंग यांचे दैनिकही आरंभी विरोधातच होते. एके दिवशी त्यात सरकारची बाजू घेणारा अग्रलेख आला. त्या संध्याकाळी क्लबात शिरताच सगळ्यांनी किपलिंग यांची हुर्यो केली. अखेर एक अधिकारी म्हणाला, की पोराला सोडा, ज्याचे पैसे मिळतात तेवढेच तो करीत आहे. छापखान्याला सरकारी छपाईची मोठी कामे मिळत होती आणि पुढे मालकांपैकी एकास किताबही लाभला. यांतील धागा आपल्याला कालांतराने उमगला, असे किपलिंग सांगतात.

विधेयक न्यायाचे होते, म्हणजे त्या दिवशीचा अग्रलेख योग्य बाजूनेच लिहिला गेला होता. परंतु तो न्यायबुद्धीने लिहिला गेला नव्हता. किपलिंग यांच्या मनात मात्र अपमान राहिला तो क्लबाच्या हुर्योचा. आपल्या माणसांपासून तुटण्याचे भय साउथसीच्या मुलाला किती असेल, याची कल्पना करता येते. पुढे त्यांनी सहसा आपल्या जमातीचा रोष ओढवून घेतला नाही.

याच सात वर्षांत त्यांच्यातील लेखक घडला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रात्री-अपरात्री लाहोरच्या गल्ल्यांतून हिंडून त्यांनी सामान्य माणसे पाहिली. १८८७ साली ते अलाहाबादच्या 'पायोनियर'मध्ये गेले, १८८८ साली त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला आणि मार्च १८८९ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. १९०१ च्या 'किम' या कादंबरीत आयरिश पलटणीचे कॅथॉलिक धर्मगुरू फादर व्हिक्टर येतात. तिबेटी लामाचे मन तेथील अँग्लिकन पाद्र्याला समजत नाही, पण पापनिवेदने ऐकण्यात मुरलेल्या फादर व्हिक्टरना ते समजते. मुंबईच्या आयेचा क्रूस लेखकाच्या मनातून पुसला गेला नव्हता, असे आम्हांस वाटते.

युद्ध, पुत्र आणि पत्रे

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरले. चार्ल्स मास्टरमन यांच्या हाताखाली लंडनच्या वेलिंग्टन हाउसमध्ये गुप्तपणे प्रचार कचेरी उघडण्यात आली आणि २ सप्टेंबर रोजी नामांकित लेखकांची बैठक बोलाविण्यात आली. वेल्स, हार्डी, कॉनन डॉइल, पुढे कॅथॉलिक झालेले चेस्टरटन, असे अनेक जण आले. किपलिंग हजर राहू शकले नाहीत, पण त्यांनी पाठिंबा कळविला. सरकारी नोकर न होता त्यांनी सरकारच्या सोयीने छावण्या, नौदल, फ्रान्स व इटलीच्या आघाड्या पाहून पुस्तिका लिहिल्या. सैन्यभरतीच्या सभांतून ते बोलले. जगात आता मानव आणि जर्मन अशा दोनच जाती उरल्या आहेत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी १९१५ साली साउथपोर्टच्या सभेत काढले. त्याच सुमारास पोप पंधरावे बेनेडिक्ट लढणाऱ्या राष्ट्रांना तुम्ही भाऊ आहात म्हणून विनवीत होते. नाशिकच्या शेतात 'भाऊ' म्हणणारा मुलगा येथवर आला होता.

त्याच वर्षी त्यांच्या घरावर घाव पडला. एकुलता पुत्र जॉन अधू दृष्टीमुळे सैन्यात नाकारला गेला होता. वडिलांनी लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्स या, बहुतांशी कॅथॉलिक शिपायांच्या, पलटणीत जागा मिळवून दिली. १७ ऑगस्टला त्याला अठरावे वर्ष पूर्ण झाले. २७ सप्टेंबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत तो बेपत्ता झाला. आईवडिलांच्या हयातीत त्याचा देह सापडला नाही. पुढे १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या युद्धविषयक समाधिलेखांत किपलिंग यांनी तरुणांच्या मरणाचा दोष वडीलधाऱ्यांच्या असत्यावर ठेवणारे एक दोन ओळींचे काव्य घातले. युद्धापूर्वी सज्जता न राखणाऱ्या राज्यकर्त्यांवर तो रोख आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. ते असेलही. परंतु पुत्रासाठी शिफारस करणाऱ्या पित्याने तो शब्द लिहिताना स्वतःला वगळले असेल, असे वाटत नाही.

आमच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट १९१६ सालची आहे. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे सरकार उघडून वाचत असे. लंडनच्या इंडिया ऑफिसातील सर जेम्स डनलॉप स्मिथ यांनी अशा पत्रांचे उतारे किपलिंग यांच्याकडे दिले. त्यांवरून किपलिंग यांनी शीख, रजपूत, मुसलमान शिपायांच्या नावे काल्पनिक पत्रे रचली. ती आधी अमेरिकेतील एका साप्ताहिकात व १९१८ साली पुस्तकरूपाने निघाली. मूळ पत्रे आज अभ्यासकांपुढे आहेत. त्यांत फ्रान्सच्या समृद्धीचे कौतुक आहे, बायकांच्या शिक्षणाविषयीचा आदर आहे. पण त्याबरोबर थंडी, प्रेतांचे खच, घरी परतण्याची आशा सोडल्याचे उद्गार आणि भावाला सैन्यात येऊ नकोस म्हणून दिलेले इशारेही आहेत. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळू नये म्हणून शिपाई हिंदी सैन्याला काळी मिरी व गोऱ्या सैन्याला लाल मिरी म्हणत. किपलिंग यांच्या पुस्तकात कौतुक आणि निष्ठा ठळक झाली व हे आक्रंदन जवळजवळ बुजून गेले. त्यांतील वाक्ये सर्वस्वी खोटी होती असे नाही. खरे होते, पण निवडलेले होते. कोणते सांगावे आणि कोणते गाळावे, हे ठरविण्याची कला त्यांना लहानपणापासून अवगत होती.

त्या पुस्तकात मराठा शिपाई नाही. आपल्या मराठा पलटणींपैकी तीन त्या वेळी मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात अडकल्या होत्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळ कैदेत मेले. त्या मोहिमेतील ढिसाळ कारभाराचा अहवाल निघाल्यावर, १९१७ साली, किपलिंग यांनी अधिकाऱ्यांवर संतापून कविता लिहिली, ही त्यांच्या लेखी जमेची बाजू. या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक कामी आले. साताऱ्याजवळच्या एका अपशिंगे गावातूनच ४६ जवान गेले ते परतले नाहीत. आमचे लोणंद पुणे–मिरज लोहमार्गावर आहे. रजा संपवून निघालेला जवान आणि फलाटावर उभी असलेली आई, हे दृश्य या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

१९१७ पासून किपलिंग सैनिकांच्या दफनभूमींची देखभाल करणाऱ्या आयोगाचे सदस्य झाले. स्मारकशिलांसाठी त्यांनी निवडलेले वचन बेन सिराखच्या पुस्तकाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातील आहे. हे पुस्तक आपल्या कॅथॉलिक पवित्र शास्त्रात आहे, प्रॉटेस्टंट बांधवांच्या शास्त्रात त्याला प्रमाण मानीत नाहीत. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या थडग्यांवर, ज्यांना परमेश्वर ओळखतो अशा अर्थाचे शब्द त्यांनी सुचविले. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे हिंदी सैनिकांच्या स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा ते उपस्थित होते. तेथे साडेचार हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. आपल्या पुत्राचे थडगे शोधणारा पिता त्या नावांपुढे उभा होता. १८ जानेवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. जॉनचे मानले जाणारे थडगे १९९२ साली निश्चित करण्यात आले, तेही वादातीत नाही.

किपलिंग यांच्या जीवनाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु एक बोध आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांपुढे ठेवावासा वाटतो. ज्या शिपायांच्या नावे थोर लेखकाने पत्रे रचली, त्यांची स्वतःची पत्रे सरकारी दप्तरात पडून राहिली म्हणून सत्य उजेडात आले. सातारा-सांगलीकडील अनेक घरांच्या पेट्यांमध्ये पणजोबांचे पदक, पेन्शनचे कागद, बसऱ्याहून किंवा इटलीहून आलेले जीर्ण पत्र अजूनही असेल. ते रद्दीत जाऊ देऊ नये. घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारून कोण गेला, कोठे गेला, परत आला की नाही, हे वहीत लिहून ठेवावे, आणि जे लिहावयाचे ते दुःखासकट लिहावे. येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिनी, आपण दफनभूमीत जाऊ तेव्हा ज्यांच्यासाठी कोणी कोठे दगडही रोवला नाही, अशा त्या शिपायांची आणि त्या मुंबईच्या निनावी आयेचीही आठवण मिस्साबलिदानात करावी.